लाँग कीलच्या जुन्या शिडाच्या बोटीला प्रोपेलर कसा निवडायचा: आधी गाळा मोजा, मग कॅटलॉग उघडा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणारे आपले बरेच मराठी लोक हल्ली जुनी शिडाची बोट घेतात, कारण साठ-सत्तरच्या दशकातल्या लाँग कील बोटी नव्या बोटींच्या मानाने खूप स्वस्त मिळतात आणि समुद्रात त्या चांगल्या वागतात. मुंबईतही काही जणांकडे अशा बोटी आहेत. बोट घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांत इंजिन बदलायची वेळ येते आणि मग प्रश्न येतो की प्रोपेलर कुठला लावायचा. नेटवर वाचायला गेलं तर निम्मी माहिती स्पीडबोटीची असते आणि उरलेली फिन कीलवाल्या, म्हणजे तळाला मध्येच आखूड कील असलेल्या, आधुनिक बोटींची. आपल्या बोटीला त्यातलं फार थोडं लागू पडतं. मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय.

लाँग कील म्हणजे काय हे आधी बघू. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा उभा कणा. लाँग कील बोटीत ती जवळजवळ पूर्ण लांबीभर असते आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला लटकवलेलं असतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहैली', जिच्यावर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेस या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत अभिलाष टॉमी ज्या बोटीवर दुसरे आले ती, रस्लर ३६ मॉडेलची बोट, सुद्धा याच जातीची. या बोटींमध्ये प्रोपेलर मोकळ्या पाण्यात नसतो. कीलचं मागचं टोक आणि सुकाणू यांच्यामध्ये कापलेल्या एका गाळ्यात तो बसतो, त्याला ॲपर्चर म्हणतात. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं या गाळ्याच्या मापावर अवलंबून आहे. इंजिन किती हॉर्सपॉवरचं हा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

१. बोट वर काढा आणि स्वतः मोजा

पाण्यात बोट असताना अंदाजाने काही ठरवू नका. यार्डात बोट उचलतील तेव्हा, किंवा ओहोटीला बोट भिंतीला टेकून उभी करता येत असेल तर तेव्हा, दोन तास काढून मोजमाप करा. मुंबईत तसंही पावसाळ्यात बोटी बाहेर काढतात, तेव्हाच हे उरकून घ्यायचं.

सोबत काय न्यायचं: मेजरिंग टेप, व्हर्नियर कॅलिपर, जाड पुठ्ठा, मार्कर, तारेचा ब्रश, टॉर्च आणि कॅमेरा.

काय मोजायचं:

- शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून येऊन प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापासून गाळ्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, आणि मध्यापासून खालच्या कडेपर्यंतचं. ही दोन अंतरं वेगवेगळी घ्या. शाफ्ट नेमका मध्यावर असतोच असं नाही, जुन्या बोटींत तर सहसा नसतोच.
- गाळ्याची पुढून मागे रुंदी, म्हणजे स्टर्न बेअरिंगच्या (शाफ्ट बोटीबाहेर येतो तिथल्या बेअरिंगच्या) टोकापासून सुकाणूपर्यंत. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही बघा.
- शाफ्टचं टोक आणि सुकाणू यांच्यात किती जागा उरते.
- गाळ्याच्या पुढचं लाकूड किंवा फायबर, ज्याला डेडवुड म्हणतात, ते किती जाड आहे आणि त्याची मागची कड चौकोनी आहे की निमुळती केलेली आहे.

पुठ्ठा गाळ्यात धरून त्याचा आकार कापून घ्या, त्यावर शाफ्टचा मध्य मार्क करा आणि तो पुठ्ठा घरी जपून ठेवा. फोनवर विक्रेत्याशी बोलताना तो समोर असला की फार बरं पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित. पात्याचं टोक आणि गाळ्याची कड यांच्यात प्रोपेलरच्या व्यासाच्या निदान १० टक्के जागा हवी, १५ टक्के मिळाली तर उत्तम. वरची आणि खालची अशी दोन अंतरं मोजलीत ना, त्यातलं लहान घ्या, दुप्पट करा आणि १.२ ने भागा. समजा लहान अंतर साडेआठ इंच आहे, तर १७ भागिले १.२ म्हणजे १४ इंच. तुमच्या बोटीत १४ इंचापेक्षा मोठा प्रोपेलर बसणार नाही, मग इंजिनवाला काहीही म्हणो. जागा कमी ठेवली की प्रत्येक वेळी पातं कडेजवळून जाताना दणका बसतो आणि सगळी बोट थरथरते, शिवाय स्टर्न बेअरिंग लवकर झिजतं ते वेगळंच.

डेडवुडची मागची कड चौकोनी आणि जाड असेल तर प्रोपेलरला स्वच्छ पाणी मिळतच नाही. ती कड दोन्ही बाजूंनी निमुळती करून घेतली तर बऱ्याचदा नव्या महागड्या प्रोपेलरपेक्षा जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे. पण लाकडी बोट असेल तर आत स्टर्न ट्यूब (शाफ्ट ज्या नळीतून बाहेर येतो ती) आणि बोल्ट आहेत, म्हणून लाकडी बोटींचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय रंधा लावू नका.

काही जुन्या लाकडी बोटींत शाफ्ट मध्यरेषेवर नसून एका बाजूने बाहेर आलेला असतो, कारण इंजिन नंतर बसवलेलं असतं आणि स्टर्नपोस्टला, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाच्या उभ्या खांबाला, भोक पाडायचं नव्हतं. तुमची तशी असेल तर शाफ्ट कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. डाव्या बाजूला असेल तर उजव्या हाताचा प्रोपेलर चांगला, कारण बाजूला असल्यामुळे बोटीला होणारी आडवी ओढ आणि प्रोपेलर फिरताना होणारी त्याची स्वतःची आडवी ओढ एकमेकींना बरीचशी मारतात.

२. शाफ्टचं टोक नीट ओळखा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. शाफ्ट २५ मिलिमीटरचा आहे की एक इंचाचा? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, टेपने हा फरक कळत नाही, कॅलिपरच लागतं. शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि निमुळतेपणाचेही वेगवेगळे प्रकार आहेत. मेट्रिक १:१०, जुन्या ब्रिटिश बोटींत १:१२, अमेरिकन १:१६. ओळखायचं कसं, तर निमुळत्या भागाचा मोठा व्यास आणि छोटा व्यास मोजा, त्यांचा फरक काढा आणि त्या भागाच्या लांबीला त्याने भागा. ५० मिलिमीटरमध्ये व्यास २५ वरून २० झाला तर १:१०. चावी म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये घालतात ती धातूची पट्टी; तिची खाच किती रुंद आणि किती खोल, नटाचे आटे कुठले, हेही लिहा.

जुना प्रोपेलर असेल तर त्याच्या बॉसवर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर, आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १५ × १० आणि पुढे उजव्या किंवा डाव्या हाताची खूण. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर किती पुढे सरकायला हवा ते माप), दोन्ही इंचात. खूण दिसत नसेल तर बोटीच्या मागे उभं राहून बघा, पुढे जाताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर उजव्या हाताचा.

३. इंजिन आणि गिअरबॉक्सची पाटी वाचा

तीन आकडे हवेत: इंजिनची कमाल ताकद, ती किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळते, आणि गिअरबॉक्सचा रेशो, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे. इंजिनची पाटी दिसते, गिअरबॉक्सची पाटी मात्र बऱ्याचदा रंगाखाली गेलेली असते, घासून बघा. काही गिअरबॉक्सना पुढचा आणि रिव्हर्सचा रेशो वेगळा असतो, आपल्याला पुढचा हवा. जुना मालक सांगेल त्यावर विश्वास ठेवून ऑर्डर देऊ नका.

४. घरी बसून हिशोब करा

विक्रेते हा हिशोब त्यांच्या सॉफ्टवेअरवर करून देतात, तो घ्याच, पण स्वतःचा हिशोब हाताशी असला की त्यांच्या उत्तरात काही गडबड असेल तर लगेच लक्षात येते.

पहिलं, बोटीचा कमाल वेग. वॉटरलाइनची, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची बोटीची, लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ गुणिले १.३४. वॉटरलाइन २५ फूट असेल तर ५ × १.३४ म्हणजे ६.७ नॉट. यापुढे कितीही ताकद लावा, जड लाँग कील बोट फारशी वेगात जात नाही, फक्त मागची लाट मोठी होते आणि डिझेल जळतं.

दुसरं, शाफ्टचे फेरे. ३६०० आरपीएमचं २० हॉर्सपॉवर इंजिन आणि २:१ गिअरबॉक्स असेल तर शाफ्ट १८०० ने फिरतो. तेच २.६:१ असेल तर साधारण १३८५.

तिसरं, पिच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो तसं हे माप, फक्त पाणी लाकडासारखं घट्ट नसल्याने प्रत्यक्षात बोट त्यापेक्षा बरीच कमी पुढे सरकते, याला स्लिप म्हणतात. शिडाच्या जड बोटींना ४५ टक्के स्लिप धरली तरी चालते. सूत्र असं: नॉट गुणिले १२१५, भागिले शाफ्टचे आरपीएम, आणि आलेलं उत्तर ०.५५ ने भागायचं.

१८०० साठी: ६.७ × १२१५ ÷ १८०० = ४.५, आणि ÷ ०.५५ म्हणजे साधारण ८ इंच.
१३८५ साठी: त्याच रीतीने साधारण पावणेअकरा, म्हणजे ११ इंच.

व्यासाचं सूत्र जरा किचकट आहे, पण नेहमीच्या तीन पात्यांच्या प्रोपेलरला २० हॉर्सपॉवर १८०० ला साधारण १३ इंच आणि १३८५ ला साधारण १५ इंच येतो. जड बोटीला मोठा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर नेहमीच चांगला, समोरून वारा आणि लाट असताना तो पाणी जास्त घट्ट पकडतो. म्हणजे २.६ चा गिअरबॉक्स आणि १५ × ११. पण मघाशी गाळ्यात १४ च बसत होता! इथेच बहुतेक लोक अडकतात, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच विकत घेऊन झालेला असतो. म्हणून इंजिन अजून घ्यायचं असेल तर गाळ्याच्या मापावरून गिअरबॉक्सचा रेशो निवडा. १४ इंच बसत असेल आणि बाजारात मधला रेशो मिळत नसेल, तर २.६ घेऊन १४ इंच लावायचा आणि पिच थोडा वाढवून, पातं थोडं रुंद घेऊन भरपाई करायची. पूर्ण भरपाई होत नाही हे लक्षात ठेवा. ढोबळ नियम असा की व्यासाचा एक इंच इंजिनवर जेवढा भार टाकतो तेवढा टाकायला पिचचे दोन ते तीन इंच लागतात, आणि तेवढा पिच वाढवणं शहाणपणाचं नाही, एक-दीड इंचावर थांबा.

५. दोन पाती की तीन

बंदर अवघड असेल, भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असेल, इंजिन वरचेवर लागत असेल तर तीन. कमी थरथर, रिव्हर्समध्ये चांगली पकड.

शिडावर चालवायची आवड जास्त असेल आणि बजेट कमी असेल तर दोन पात्यांचा फिक्स्ड (न हलणाऱ्या पात्यांचा) प्रोपेलर खरंच चांगला आहे, कारण लाँग कील बोटीत त्याचा एक फायदा असतो जो फिन कीलवाल्यांना मिळत नाही. दोन्ही पाती उभी करून शाफ्ट थांबवला की ती डेडवुडच्या मागे लपतात आणि बोटीला मागे खेचणारी पाण्याची ओढ बरीच कमी होते. त्यासाठी बोट बाहेर असतानाच पाती उभी करा आणि आत शाफ्टच्या कपलिंगवर (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणाऱ्या भागावर) वर येणाऱ्या बाजूला रंगाची पट्टी मारा. तोटा असा की दोन्ही पाती एकाच वेळी डेडवुडमागून जात असल्याने इंजिनवर चालताना ठकठक जास्त जाणवते, आणि तेवढीच ताकद घ्यायला व्यास साधारण पाच टक्के मोठा लागतो, जो गाळ्यात बसला पाहिजे.

तीन पाती लपत नाहीत. मग शिडावर असताना शाफ्ट फिरू द्यायचा की थांबवायचा? स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात झालेल्या चाचण्यांत थांबवलेल्या फिक्स्ड प्रोपेलरची ओढ मोकळ्या फिरणाऱ्यापेक्षा जास्त आली होती. पण मोकळा फिरू द्यायच्या आधी गिअरबॉक्सचं मॅन्युअल वाचा, इंजिन बंद असताना काही गिअरबॉक्सना तेल मिळत नाही आणि काहींना गिअरमध्ये अडकवून ठेवलेलं चालत नाही.

६. फिक्स्ड, फोल्डिंग की फेदरिंग

फोल्डिंगमध्ये पाती मागे मिटतात. मिटायला मागे जागा लागते, आणि आपल्या गाळ्यात मागे लगेच सुकाणू असतं. म्हणून लाँग कील बोटीत फोल्डिंग बहुतेक वेळा बसतच नाही, ज्यांचा शाफ्ट बाजूने बाहेर येतो त्यांची गोष्ट वेगळी. फेदरिंगमध्ये पाती जागेवरच वळून पाण्याच्या प्रवाहाला समांतर होतात, त्यामुळे गाळ्यात तो चालतो. रिव्हर्समध्येही पातं उलटं वळत असल्याने पकड चांगली मिळते, आणि लाँग कील बोट रिव्हर्समध्ये किती हट्टी असते हे ज्याने मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या बंदरात, वळवलीय त्याला माहीत आहे. मॅक्स-प्रॉप आणि किवीप्रॉपसारख्या कंपन्यांच्या फेदरिंग प्रोपेलरांत पिच नंतर बदलता येतो, हा फार मोठा फायदा आहे.

पण फेदरिंग घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, त्याचा बॉस फिक्स्डपेक्षा लांब असतो, सुकाणूला लागेल का ते पुठ्ठ्यावर आखून बघा. दोन, पाती वळायला शाफ्ट थांबलेला हवा, मोकळा फिरत राहिला तर वळत नाहीत, म्हणजे पुन्हा गिअरबॉक्सच्या मॅन्युअलचा प्रश्न. तीन, ग्रीस आणि स्वच्छता. मुंबईच्या कोमट पाण्यात बार्नॅकल इतके पटापट धरतात की काही आठवडे बोट उभी राहिली तर फिरते भाग अडकू शकतात. बोट महिनोन्महिने नांगरावर असते आणि पाण्याखाली जाऊन साफ करणारं कोणी नाही, अशा माणसाला मी फेदरिंग घ्या असं सांगणार नाही. फिक्स्ड घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली शिडं शिवून घ्या.

७. धातू आणि झिंक

मॅंगनीज ब्राँझ नेहमीचं आणि स्वस्त, पण त्यात जस्त बरंच असतं, झिंक ॲनोड (प्रोपेलरऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा) संपून गेला की समुद्राचं पाणी ते जस्त खातं आणि प्रोपेलर गुलाबीसर दिसायला लागतो. तसा गुलाबी झालेला जुना प्रोपेलर फुकट मिळाला तरी घेऊ नका. निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ जास्त टिकाऊ. लाकडी बोटवाल्यांनी एक जपावं, झिंक गरजेपेक्षा जास्त लावले तर धातूच्या आसपास क्षार तयार होऊन लाकूडच पोखरलं जातं.

८. सेकंडहँड घेताना

इंग्लंडात बोट जम्बलला (बोटीच्या जुन्या सामानाच्या बाजाराला) किंवा मुंबईत दारूखाना भागातल्या भंगार बाजारात जुने प्रोपेलर मिळतात. मच्छीमार ट्रॉलरचे रुंद पात्यांचे प्रोपेलर शिडाच्या बोटीला लावू नका, शिडावर असताना ते ब्रेकसारखे ओढतात. आकडे पुसलेले असतील तर पिच असा काढा: प्रोपेलर सपाट फरशीवर आडवा ठेवा, मध्यापासून त्रिज्येच्या ७० टक्के अंतरावर पात्याच्या दोन्ही कडा फरशीपासून किती उंच आहेत ते मोजा आणि त्यांच्यातलं आडवं अंतरही मोजा. मग ६.२८ गुणिले ते मध्यापासूनचं अंतर, गुणिले उंचीतला फरक, भागिले आडवं अंतर. १५ इंची प्रोपेलरला ७० टक्के म्हणजे सव्वापाच इंच, फरक १.२ आणि आडवं ४ आलं तर पिच साधारण १० इंच. सगळ्या पात्यांवर मोजा, एकात जरी फरक आला तरी ते पातं वाकलेलं आहे.

९. ऑर्डर देताना हे सगळं एका कागदावर पाठवा

- बोटीची वॉटरलाइन लांबी, वजन आणि कीलचा प्रकार
- इंजिनची ताकद, कमाल आरपीएम, गिअर रेशो, फिरण्याची दिशा
- गाळ्याची सगळी मापं आणि पुठ्ठ्याचा टेप लावून काढलेला फोटो
- शाफ्टचा व्यास, निमुळतेपणा, चावी, आटे
- जुन्या प्रोपेलरचे आकडे, आणि त्याच्यावर इंजिन कमाल किती आरपीएमला जात होतं

विक्रेत्याने फक्त लांबी आणि हॉर्सपॉवर विचारून लगेच प्रोपेलर सांगितला तर दुसरीकडे विचारा.

१०. बसवणं

जुना काढायला हातोडा मारू नका, शाफ्ट वाकतो आणि गिअरबॉक्सला धक्का बसतो. प्रोपेलर ओढून काढायचं अवजार, पुलर, भाड्याने मिळतो. नवा आधी चावीशिवाय शाफ्टवर घट्ट बसवा, कुठपर्यंत गेला तिथे खूण करा, मग चावी घालून परत बसवा. खुणेपर्यंत गेला नाही तर तो चावीवर चढतोय, निमुळत्या भागावर टेकतच नाहीये, चावी घासून नीट करा. नंतर नट आवळा आणि स्प्लिट पिन घाला. हे काम घाईत करू नका, रिव्हर्समध्ये प्रोपेलर निघून समुद्रात गेल्याची उदाहरणं आहेत.

११. पाण्यात चाचणी

तळ स्वच्छ असताना, सपाट पाण्यात, नेहमीचं सामान आणि पाणी भरून इंजिन पूर्ण थ्रॉटलवर न्या आणि आकडा बघा. ३६०० चं इंजिन ३६०० च्या जवळ गेलं पाहिजे. जुन्या डॅशबोर्डवरचे आरपीएम मीटर खोटं बोलतात, म्हणून हातात धरायचं ऑप्टिकल टॅकोमीटर आणा, फार महाग नसतं.

३००० ला अडकलं आणि धूर काळा येतोय तर प्रोपेलर जास्त भारी झालाय, असंच चालवत राहिलात तर इंजिन तापेल आणि आतून कार्बन धरेल. उलट आरपीएम सहज पूर्ण होतात पण वेगच नाही, तर प्रोपेलर हलका आहे. पिचच्या एका इंचाला साधारण २०० आरपीएमचा फरक पडतो, ४०० कमी पडत असतील तर दोन इंच पिच कमी करून घ्यायचा. फिक्स्ड प्रोपेलर चांगल्या वर्कशॉपमध्ये एक-दोन इंचापर्यंत बदलून मिळतो, नवा घ्यायची गरज नाही. रिव्हर्सही तपासा, उजव्या हाताच्या प्रोपेलरला मागे जाताना बोटीची शेपटी डावीकडे ओढली जाते, ती किती ओढली जाते हे मोकळ्या पाण्यात बघून ठेवा म्हणजे मरीनात शिरताना कुठल्या बाजूला बांधायचं ते ठरवता येतं.

आलेले सगळे आकडे, म्हणजे थ्रॉटल, आरपीएम आणि वेग, लॉगबुकात लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच आरपीएम मिळेनासे झाले तर बहुतेक तळ किंवा प्रोपेलर घाण झालेला असतो, इंजिनला हात लावण्याआधी ते साफ करून परत मोजा. जुना प्रोपेलर, त्याची चावी आणि नट विकून टाकू नका, त्याच शाफ्टवर बसतो म्हणून तेल लावून बोटीवरच कुठेतरी खाली ठेवा.